पारदर्शक फेस पावडर : दुकानात ठेवण्यापूर्वी कशी पारखावी?

मणियार, अत्तार आणि कटलरीच्या दुकानदारांकडे हल्ली एका मालाची विचारणा वारंवार होते. शहरातील मुली त्याला 'ट्रान्सल्युसंट पावडर' किंवा 'सेटिंग पावडर' म्हणतात. आपण सोयीसाठी पारदर्शक पावडर म्हणू या. पूर्वी हा माल फक्त नवरीचा मेकअप करणाऱ्यांच्या पेटीत असे. आता कॉलेजला, बँकेत, कारखान्यात जाणाऱ्या मुली तो रोज वापरतात. चेहऱ्यावर लावलेले क्रीम किंवा फाउंडेशन जागेवर बसावे, तेलकटपणा दिसू नये आणि तरीही पावडर लावल्याचे कळू नये, ही त्यांची अपेक्षा असते.

येथेच दुकानदाराची अडचण सुरू होते. लिपस्टिक, नेलपॉलिश, बांगडी हा रंगाचा माल आहे. गिऱ्हाईक रंग बघते, पसंत करते आणि घेऊन जाते. पारदर्शक पावडरला मात्र रंगच नाही. डबीत ती सगळी सारखीच पांढरी दिसते आणि चेहऱ्यावर दिसू नये हाच तिचा गुण. म्हणजे चांगला माल आणि वाईट माल दुकानाच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवला तर दोन्हींत फरक दिसत नाही. फरक दिसतो तो चार तासांनंतर, उन्हात, घाम आल्यावर. तोपर्यंत पैसे गल्ल्यात आलेले असतात आणि गिऱ्हाईक आपल्या गावी पोहोचलेले असते. म्हणून हा माल विकण्याआधी वापरून पाहणे हे आपले काम आहे. ते कसे करावे, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

राळेगणसिद्धीचे उदाहरण

या लेखासाठी आम्ही पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव डोळ्यासमोर ठेवले आहे. त्याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण हवेचे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्याचा हा भाग पर्जन्यछायेतला. पाऊस कमी, उन्हाळा कडक, वारा कोरडा आणि धुळीचा. पावडरींच्या जाहिराती वातानुकूलित खोलीत तयार होतात. आपली गिऱ्हाइके सकाळी शेतावर जातात, एस.टी.ने पारनेरला किंवा शिरूरला कॉलेजला जातात, सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. जी पावडर या उन्हात आणि धुळीत टिकेल तीच त्यांच्या उपयोगाची.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने या गावात पाणलोटाची कामे झाली, दारूभट्ट्या बंद झाल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. पण व्यापाऱ्याने लक्षात ठेवावी अशी गोष्ट वेगळी आहे. या गावातील दुकानांतून विडी, सिगारेट आणि तंबाखू विकणे बंद झाले. तंबाखू हा किरकोळ दुकानदाराचा रोजच्या खपाचा माल. तो काढून टाकणे म्हणजे रोजची नगद सोडणे होते. तरीही ते झाले, कारण फळीवर काय ठेवायचे याला दुकानदार जबाबदार आहे, हे गावाने मान्य केले. पावडर ही तंबाखूसारखी वाईट वस्तू नाही, पण जबाबदारीचा नियम तोच लागू होतो.

आपल्याला तर ही शिकवण नवी नाही. बाजारात धान्याच्या ढिगात हजरत पैगंबर मुहम्मद (स.) यांनी हात घातला, तेव्हा वरचे दाणे कोरडे आणि आतले ओले निघाले. भिजलेला माल वर का ठेवला नाहीस, लोकांना तो दिसला असता, असे त्यांनी त्या विक्रेत्याला विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे असे बजावले. हा किस्सा आपल्या मदरशांतून आणि शाळांतून शिकवला जातो. पारदर्शक पावडरीत सगळाच माल 'आतला' असतो. तेथे हात घातल्याशिवाय काहीच कळत नाही.

हा माल आहे तरी काय?

या पावडरीचा मुख्य घटक बहुतेक वेळा टाल्क असतो. मराठीत याला शंखजिरे म्हणतात. आपल्या देशात तो प्रामुख्याने राजस्थानच्या खाणींतून येतो. खनिजांत सर्वांत मऊ गणले जाणारे हे खनिज आहे. त्याचे कण चपटे, पातळ पापुद्र्यांसारखे असतात, म्हणून ते बोटाला गुळगुळीत लागतात. टाल्कच्या जोडीला किंवा त्याऐवजी सिलिका, अभ्रक, मक्याचा किंवा तांदळाचा स्टार्च, केओलिन माती, मॅग्नेशियम कार्बोनेट, झिंक स्टिअरेट असे पदार्थ घातले जातात. स्टार्च, केओलिन आणि सिलिका तेल व घाम शोषतात. स्टिअरेटमुळे पावडर त्वचेला चिकटून राहते.

पावडर दिसेनाशी का होते? पाण्यात काचेचा तुकडा टाकला तर तो सहज दिसत नाही, कारण पाणी आणि काच प्रकाशाला थोड्याफार सारख्याच प्रमाणात वाकवतात. टाल्क आणि सिलिकाचे कण त्वचेवरच्या तेलात भिजले की असेच होते. पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये वापरला जाणारा टायटॅनियम डायऑक्साइड मात्र प्रकाश जोराने परतवतो. तो जास्त असेल तर पावडर पारदर्शक राहत नाही, चेहरा पांढुरका दिसतो. गोऱ्या त्वचेवर हा दोष झाकला जातो. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर राख फासल्यासारखा दिसतो. आपली बहुसंख्य गिऱ्हाइके गव्हाळ आणि सावळीच आहेत. म्हणून परदेशी जाहिरातीतील चेहरा पाहून माल भरू नये.

सौंदर्यप्रसाधनांचा धंदा आपल्या लोकांना परका नाही. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ मध्ये 'अफगाण स्नो' बाजारात आणले आणि ते नाव देशभर घरोघरी पोहोचले. त्या काळात जे नाव कमावले गेले ते मालाच्या भरवशावर कमावले गेले.

आधी डबी वाचावी

पहिली चाचणी फुकट आहे. डबीवर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, कोणत्या महिन्यापर्यंत व वर्षापर्यंत वापरावे ते, घटकांची यादी, निव्वळ वजन आणि कमाल किरकोळ किंमत असली पाहिजे. परदेशी मालावर आयात करणाऱ्याचे नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत हे स्पष्ट केलेले आहे. यातील एक गोष्ट जरी नसली तरी डबी परत करावी. घाऊकवाला "सगळे असेच घेतात" म्हणाला तरी घेऊ नये.

बोट, काळे कापड आणि पाणी

आम्ही कापडाच्या व्यापारातले. तागा घेताना आम्ही तो दुकानाच्या दाराशी उजेडात नेतो, बोटांत चोळतो, ओल्या रुमालाने रंग सुटतो का पाहतो. पावडरीचीही रीत साधारण तीच आहे.

चिमूटभर पावडर अंगठा आणि तर्जनी यांत चोळावी. ती तलम मलमलीसारखी लागली पाहिजे. खर लागली तर दळण जाड आहे. गाठी असतील तर ओलावा शिरला आहे. मग ती काळ्या सुती कापडावर पसरून दारातल्या उजेडात बघावी. चकाकणारे कण दिसले तर अभ्रक जास्त आहे. संध्याकाळच्या समारंभाला ते चालेल, रोजच्या वापरात उन्हात चेहरा तेलकट दिसेल. काळे किंवा तपकिरी ठिपके दिसले तर माल स्वच्छ नाही. वास घ्यावा. उग्र सुगंध असेल तर नाजूक त्वचेला त्रास होण्याची शक्यता वाढते.

लेबल खरे बोलते का, हे पाहण्याच्या दोन सोप्या युक्त्या आहेत. थोड्या पावडरीवर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकावा. निळा-काळा रंग आला तर त्यात स्टार्च आहे. दुसऱ्या चिमटीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकावे. फेस आला तर खडू किंवा तत्सम कार्बोनेट आहे. स्टार्च आणि कार्बोनेट हे वाईट पदार्थ नव्हेत, नामांकित कंपन्याही ते वापरतात. पण लेबलवर त्यांचे नाव नसेल आणि डबीत ते निघाले, तर ज्याने एवढे लपवले त्याने आणखी काय लपवले असेल, हा विचार करावा. चाचणीसाठी काढलेली पावडर पुन्हा डबीत टाकू नये.

चेहऱ्यावरची चाचणी

ही चाचणी घरातील किंवा ओळखीतील सज्ञान स्त्रियांनी स्वखुशीने करावी. एक तेलकट त्वचेची, एक कोरड्या त्वचेची आणि एक चाळिशी ओलांडलेली, अशा तिघी मिळाल्या तर उत्तम. ज्यांना दमा आहे किंवा त्वचेचा आजार आहे त्यांना यात घेऊ नये.

सुरुवात चेहऱ्यापासून करू नये. कोपराच्या आतल्या बाजूला थोडी पावडर सकाळ-संध्याकाळ लावावी आणि हे काही दिवस करावे. खाज, लाली किंवा पुरळ आले तर चाचणी तेथेच थांबवावी.

त्रास झाला नाही तर अर्ध्या चेहऱ्याची चाचणी घ्यावी. सकाळी चेहरा धुऊन दोन्ही बाजूंना तेच क्रीम, तेवढेच लावावे. क्रीम मुरायला थोडा वेळ द्यावा. ओल्या क्रीमवर पावडर टाकली तर चट्टे पडतात आणि दोष विनाकारण पावडरीला लागतो. मग एका बाजूला पावडर लावावी आणि दुसरी तशीच ठेवावी. दोन पावडरींची तुलना करायची असेल तर एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरी लावावी. स्वच्छ पफने दाबून लावावी, घासू नये. उरलेली मऊ ब्रशने झटकावी. दोन्ही बाजूंना पावडर सारख्याच मापाने घ्यावी. त्यासाठी लहान चमच्याचे टोक पुरते.

त्यानंतर सकाळी, दुपारी, तिसऱ्या प्रहरी आणि संध्याकाळी चेहरा पाहून वहीत नोंद करावी. नोंदीचे मुद्दे असे :

एक, उजेड. दाराशी सूर्यप्रकाशात, ट्यूबलाइटखाली आणि मोबाइलच्या फ्लॅशने काढलेल्या फोटोत चेहरा कसा दिसतो? काही पावडरी आरशात उत्तम दिसतात, पण फ्लॅश पडला की चेहऱ्यावर पांढरे डाग उमटतात. लग्नसराईत अशी डबी विकली तर तक्रार अल्बम आल्यावर येते, आणि तेव्हा लग्न पुन्हा लावता येत नाही.

दोन, तेल. जुन्या मऊ मलमलीचे दोन सारखे तुकडे घेऊन कपाळाच्या दोन्ही बाजूंना हलकेच टेकवावेत. कोणत्या तुकड्यावर तेलाचा डाग मोठा आहे?

तीन, सुरकुत्या. हसताना ओठांच्या कडेला आणि डोळ्यांखाली पावडर रेघांत बसते का? चाळिशीतल्या गिऱ्हाइकाची तक्रार नेमकी येथे असते.

चार, कापड. काळी ओढणी किंवा नकाब गालाला टेकवून पाहावा. पांढरा पट्टा उमटला तर पावडर बसलेली नाही, नुसती वर राहिली आहे.

पाच, घाम. घाम टिपल्यावर पावडर सारखी राहते की तिचे ओघळ आणि चट्टे होतात?

सहा, रात्र. साध्या साबणाने ती निघते का आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्वचा कशी आहे?

एका दिवसाच्या चाचणीवर निकाल देऊ नये. किमान चार दिवस ती घ्यावी आणि रोज बाजू बदलावी. कारण साधे आहे. एस.टी.त खिडकीशी बसणाऱ्या मुलीच्या एकाच गालावर ऊन पडते, झोपेत एकच गाल उशीवर घासतो. बाजू न बदलल्यास खिडकीचा दोष पावडरीच्या नावावर जमा होईल. शक्य असेल तर वैशाखात एकदा आणि पावसाळ्यात एकदा चाचणी घ्यावी. कोरड्या हवेत चांगली वाटलेली स्टार्चची पावडर दमट हवेत गोळा होऊ शकते.

आपल्या भगिनींसाठी आणखी एक मुद्दा आहे. नमाजी स्त्रीचा चेहरा दिवसात अनेकदा धुतला जातो. जोहर आणि असरच्या वजूनंतर पावडर राहणारच नाही. म्हणून "दिवसभर टिकते" हा दावा तिच्यासाठी निरर्थक आहे. वजूच्या पाण्याने पावडर सहज निघून जाते का, आणि पर्समध्ये मावेल अशी लहान डबी मिळते का, हे तिचे दोन प्रश्न. मेणचट बांधणी असलेल्या दाबलेल्या पावडरीचा थर पाण्याने निघतो का, ते बोटाने तपासावे. यातील दीनी मसला मात्र आपल्या आलिमांना विचारावा, दुकानदाराने फतवा देऊ नये. तसेच स्टिअरेट हा घटक वनस्पती तेलापासूनही बनतो आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. डबीवर हे लिहिलेले असेलच असे नाही. गिऱ्हाइकाने विचारले तर अंदाजाने "हलाल आहे" सांगण्याऐवजी कंपनीकडून लेखी खुलासा मागवावा.

घरी न कळणारे दोष

वर सांगितलेल्या चाचण्यांनी माल चालेल की नाही हे कळते. तो निर्धोक आहे की नाही हे पूर्णपणे कळत नाही. शिसे, पारा आणि ॲसबेस्टॉस बोटाला लागत नाहीत, डोळ्यांना दिसत नाहीत. नियमांनुसार चेहऱ्याच्या पावडरीसारख्या प्रसाधनात पारा जाणूनबुजून घालता येत नाही, आणि नकळत आलाच तर दहा लाखांत एक भाग एवढीच मर्यादा आहे. ही मर्यादा फक्त प्रयोगशाळाच मोजू शकते.

टाल्कबद्दल विशेष सांगायला हवे. जमिनीत टाल्क आणि ॲसबेस्टॉस कधी कधी शेजारच्या थरांत सापडतात, म्हणून खाण निवडताना आणि माल तपासताना फार दक्षता लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये टाल्कचा समावेश 'बहुधा कर्करोगकारक' गटात केला. याचा अर्थ प्रत्येक डबी घातक आहे असा नव्हे. ही वर्गवारी पुरावा किती भक्कम आहे ते सांगते, रोजच्या चिमटीने किती धोका होतो ते सांगत नाही. तरीही पावडर हवेत उडवू नये, श्वासात घेऊ नये आणि तान्ह्या मुलांपासून लांब ठेवावी, हे गिऱ्हाइकाला सांगणे आपले कर्तव्य आहे. टाल्क नको असणाऱ्यांसाठी स्टार्च किंवा सिलिकाची पावडरही ठेवावी.

मोठ्या नावाचा मालही तपासणीच्या वर नाही, हे आपल्या राज्याने पाहिले आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने जॉन्सन अँड जॉन्सनच्या मुलुंड येथील कारखान्याचा बेबी पावडरचा परवाना रद्द केला. पुणे आणि नाशिक येथून घेतलेले नमुने सामूच्या, म्हणजे आम्ल-अल्कतेच्या कसोटीत बसले नाहीत, असे कारण देण्यात आले होते. कंपनी न्यायालयात गेली, फेरतपासणी झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रशासनाचे आदेश रद्द केले. यातून दोन्ही बाजूंनी धडा घ्यावा. नाव मोठे म्हणून डोळे मिटू नयेत, आणि एका अहवालावरून कोणाला दोषीही ठरवू नये.

संशय आला तर मार्ग आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० च्या कलम २६ प्रमाणे कोणीही व्यक्ती स्वतः विकत घेतलेले प्रसाधन ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासणीस देऊ शकते आणि अहवाल मिळवू शकते. पाच-सहा दुकानदारांनी मिळून एका लॉटची तपासणी केली तर खर्च विभागला जाईल. प्राण्यांवर प्रसाधनांची चाचणी करणे आपल्या देशात २०१४ पासून बंद आहे, हेही ध्यानात असावे.

बिल हीच ढाल

परवानाधारक उत्पादकाचे देशी प्रसाधन विकायला किरकोळ दुकानदाराला वेगळा परवाना लागत नाही. म्हणून अनेकांना वाटते की कायदा आपल्याला लागू नाही. तसे नाही. दुसऱ्याच्या नावाची नक्कल केलेले बनावट प्रसाधन विकल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान पन्नास हजार रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तेवढा दंड, अशी तरतूद आहे.

मात्र त्याच कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रामाणिक दुकानदाराला आधार दिला आहे. माल रीतसर विक्रेत्याकडून घेतला, वाजवी दक्षता घेऊनही दोष कळणे शक्य नव्हते, आणि माल जसा आला तसाच नीट ठेवला, हे त्याने दाखवले तर तो बचाव ठरतो. आता विचार करा. बिल नसेल तर माल कोठून घेतला हे कसे दाखवणार? गोणीतली पावडर बिनलेबलाच्या पुड्यांत भरली असेल तर "जसा आला तसाच ठेवला" हे कसे म्हणणार? आणि चाचणीची वही असेल तर दक्षता घेतल्याचा एक लेखी पुरावा हाताशी राहील. म्हणून बॅच क्रमांकासह बिल घ्यावे आणि ते जपावे. पावडर कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवावी. रिकाम्या नामांकित डब्या विकत घेणाऱ्यांना त्या देऊ नयेत, त्याच डब्या भरून पुन्हा आपल्याच बाजारात येतात. दुकानात नमुन्याची डबी ठेवायची असेल तर प्रत्येकीला स्वच्छ कापूस द्यावा, एकच पफ सर्वांच्या गालावर फिरवू नये.

गिऱ्हाइकाला खरे सांगावे. ही पावडर रंग उजळत नाही. ती उन्हापासून संरक्षण देणाऱ्या क्रीमची जागा घेत नाही. भर उन्हात शेतात राबणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर ती सकाळची संध्याकाळपर्यंत राहणार नाही. असे सांगितल्याने एखादी विक्री कमी होईल. पण खेड्यातील गिऱ्हाईक दहा दुकाने फिरत नाही. ते ओळखीच्या मणियाराकडे येते, आईनंतर मुलगी येते, मुलीनंतर सून येते. तिने आपल्या शब्दावर घेतलेली डबी तिच्या चेहऱ्यावर जाणार आहे. आपल्या घरातल्या लेकीच्या गालावर चार दिवस लावून पाहिल्याशिवाय ती दुसऱ्याच्या लेकीला विकू नये. एवढा नियम पाळला तर रोजीत बरकत राहील, इन्शाअल्लाह.